चेहरा आणताय, तर मुक्कामाला आणा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी संघटनांचे आणि पक्षांचे सर्व पदाधिकारी यांस,

सप्रेम जय महाराष्ट्र.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या मारुती मंदिरात तुमच्यापैकी काही जण बैठकीला आले होते. विषय पुढच्या विधानसभेचा. मी मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसलो होतो. निवृत्त मास्तरची जागा तीच. २०१८ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचा एक आमदार नाही, २०२३ ला एक नाही, बंडखोरी कुणी केली, मतं कुणी खाल्ली, हे सगळं नेहमीप्रमाणे बोलून झालं. मग कुणीतरी म्हणालं, ''माणसं हायत वो आमच्याकडं, खरं चेहरा न्हाई.'' त्यावर पुण्या-मुंबईच्या तीन-चार नटांची नावं निघाली. एका म्हाताऱ्यानं शंका काढली, तेव्हा पुढून आवाज आला, ''काय गा, अमेरिकेत नट राष्ट्राध्यक्ष झाला की! तो रीगन! मग हितं आमदार व्हायला काय झालंय?'' सगळे हसले, माना हलल्या, चहा आला आणि विषय जवळजवळ पक्का झाला.

हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

आधी एक खुलासा. मी नटांना नाकं मुरडणारा माणूस नाही. सत्तावीस वर्षं गावच्या यात्रेच्या नाटकांना विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केलंय. स्त्री पात्र सांगली-मिरजेहून यायचं, पडदे भाड्यानं यायचे आणि तालमीला शेतकरी पोरं उसाला पाणी पाजून रात्री दहाला यायची. आपल्याकडं नट परका कधीच नव्हता. संगीत नाटकाला उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला जन्मले. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रात्रभर अफझलखान होऊन मरणारी आणि पुढच्या चौकात पुन्हा उठून मरणारी पोरं तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलीत. तेव्हा नटानं राजकारणात येऊ नये, असं मी म्हणणार नाही. पण रीगनचं नाव घेताय, तर त्याचा फक्त शेवटचा अंक सांगू नका. आधीचे चार अंक तुम्ही गाळलेत.

बैठकीनंतर मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं. वेळ भरपूर आहे.

रोनाल्ड रीगन १९११ साली इलिनॉय राज्यातल्या टॅम्पिको नावाच्या खेड्यात जन्मला. बाप चपला-बुटांच्या दुकानात विक्रेता, दारूडा. आई देवभोळी. नदीवर जीवरक्षक म्हणून उन्हाळ्यात काम करायचा, सत्त्याहत्तर जणांना बुडताना वाचवलं असं त्याच्या चरित्रांत येतं. १९३२ ला, ऐन मंदीत, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र घेऊन पदवीधर झाला आणि रेडिओवर खेळांचं वर्णन करायला लागला.

या रेडिओच्या दिवसांतला एक किस्सा मला प्रॉम्प्टर म्हणून फार आवडला. शिकागोच्या संघाचा बेसबॉल सामना चाललेला असायचा शिकागोत आणि हा गडी बसलेला असायचा शेकडो मैल लांब, स्टुडिओत. तारेवरून एकेका चेंडूची त्रोटक बातमी यायची, ती चिठ्ठी बघून हा मैदानात बसल्यासारखं रंगवून सांगायचा. एकदा ऐन रंगात तार बंद पडली. आता? यानं फलंदाजाला चेंडू रेषेबाहेर मारायला लावला. पुन्हा बाहेर, पुन्हा बाहेर. तार सुरू होईपर्यंत कित्येक मिनिटं तो फलंदाज बिचारा चेंडू बाहेरच मारत राहिला आणि ऐकणाऱ्या कुणाला संशय आला नाही. आमच्या नाटकात राजा शब्द विसरला की आम्ही विंगेतून ''पाणी माग, पाणी माग'' म्हणायचो. त्यातलाच प्रकार, फक्त आमच्या राजानं एका यात्रेत चार वेळा पाणी मागितलं.

ही कला धोक्याचीही आहे, हे लगेच सांगून टाकतो. रीगन राष्ट्राध्यक्ष असताना दुसऱ्या महायुद्धातल्या एका वैमानिकाची गोष्ट सांगायचा. पडणाऱ्या विमानातून उडी न मारता जखमी पोराचा हात धरून बसलेला अधिकारी आणि त्याला मरणोत्तर मिळालेलं सर्वोच्च पदक. पत्रकारांनी पदकांच्या नोंदी चाळल्या. असा माणूस सापडला नाही. तसला प्रसंग सापडला तो १९४४ च्या एका सिनेमात. तार बंद पडली की चेंडू बाहेर मारायची सवय सुटत नाही, ती अशी.

१९३७ ला वॉर्नर ब्रदर्सनं त्याला सात वर्षांच्या करारावर घेतलं. पन्नासेक सिनेमे केले. बहुतेक दुय्यम, कमी खर्चाचे. नायकाचा मित्र म्हणून शोभणारा माणूस. १९४२ च्या एका सिनेमात पाय कापलेल्या तरुणाचं काम त्यानं केलं, ते त्याचं सगळ्यात चांगलं मानतात. १९५१ ला चिंपांझीबरोबर काम केलं, त्यावरून विरोधक आयुष्यभर त्याला डिवचत राहिले. १९५४ साल उजाडलं तेव्हा सिनेमे मिळेनासे झाले होते आणि तो लास व्हेगासच्या एका हॉटेलात दोन आठवडे स्टेजवर करमणूक करत होता. म्हणजे ज्याला तुम्ही 'चेहरा' म्हणताय, तो चेहरा तोवर विकला जाईनासा झाला होता. पहिली निवडणूक लढवायला यानंतर अजून बारा वर्षं होती.

मग तो वर आला कसा? इथं जरा सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे युनियन. १९४७ ला तो सिनेनटांच्या संघटनेचा, स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा अध्यक्ष झाला. १९५२ पर्यंत राहिला, आणि १९५९ ला पुन्हा आला. ही काही हार-तुऱ्यांची खुर्ची नव्हती. त्या वेळी स्टुडिओंच्या दारात संप, मारामाऱ्या, कम्युनिस्ट कोण आणि कोण नाही याची धरपकड. १९४७ च्या ऑक्टोबरात संसदीय समितीपुढं त्यानं साक्ष दिली, जाहीरपणे कुणाचं नाव घेतलं नाही. पण पुढं उघड झालेल्या कागदांवरून कळलं की एफबीआयला, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेला, तो आतून माहिती देत होता. हे मला आवडलेलं नाही. आपल्यातही असे लोक असतात आणि ते कोण हे आपल्याला साधारण माहीत असतं. असो.

१९६० चा संप मात्र वाचण्यासारखा आहे. जुने सिनेमे टीव्हीवर दाखवून स्टुडिओ पैसे कमवायला लागले होते आणि नटाच्या हातात दमडी नाही. मार्चमध्ये नटांनी काम थांबवलं. वाटाघाटीला रीगन. शेवटी ठरलं ते असं : १९६० पासूनच्या सिनेमांना टीव्हीवर दाखवल्यास नटांना पैसे मिळणार. १९४८ ते १९५९ च्या सिनेमांचा हक्क सोडायचा, त्याबदली साडेबावीस लाख डॉलर एकरकमी, तेही पेन्शन आणि आजारपणाच्या निधीला. जुने नट खवळले, आमची कमाई विकली म्हणाले. रीगनचे स्वतःचे सिनेमेही जुनेच, म्हणजे त्याचंही नुकसान. पण आज तिथल्या म्हाताऱ्या नटांना पेन्शन आणि दवाखाना मिळतो, त्याची सुरुवात त्या तहात आहे. पूर्ण भाकरी मिळत नाही हे दिसल्यावर अर्धी घेऊन उठायचं आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खायच्या, हे तो तिथं शिकला. पुढं सोव्हिएत रशियाच्या गोर्बाचेव्हशी बोलणी करताना स्टुडिओ मालकांशी केलेल्या वाटाघाटींची आठवण तो स्वतः काढायचा. आपल्या बैठकांत अर्धी भाकरी हा शब्द जरी काढला, तरी माणूस फितूर ठरतो.

दुसरं म्हणजे कारखाने. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीनं १९५४ ला त्याला टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा निवेदक नेमलं आणि करारातच एक अट घातली : वर्षातले काही आठवडे कंपनीच्या कारखान्यांत जाऊन कामगारांना भेटायचं. विमानाची भीती म्हणून तो आगगाडीनं जायचा. आठ वर्षांत १३९ कारखाने आणि सुमारे अडीच लाख कामगार, असा आकडा सांगतात. सुरुवातीला सिनेमातले किस्से, मग भाषण, मग प्रश्न. हळूहळू किस्से कमी झाले आणि प्रश्न वाढले. लोक काय विचारतात त्यावरून त्याचं भाषण दर गावाला थोडं बदलायचं. मुद्दे तो आपल्या लघुलिपीत छोट्या कार्डांवर उतरवायचा. नजर अधू, म्हणून एका डोळ्यातली काँटॅक्ट लेन्स काढून ठेवायचा : एका डोळ्यानं कार्ड वाचायचं, दुसऱ्यानं माणसं. माझी सत्तावीस वर्षं विंगेत गेली, पण इतका हुशार नट मला एकही भेटला नाही.

माणूस उजवा झाला तो याच वर्षांत. आधी पक्का डेमोक्रॅट. रूझवेल्टला चार वेळा मत दिलेला, १९४८ ला ट्रूमनसाठी प्रचार केलेला. युनियनमधली कम्युनिस्टांशी झालेली भांडणं, युद्धकाळात वरच्या कमाईवर नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला कर आणि कंपनीच्या साहेबांची शिकवण, या सगळ्यांनी मिळून तो बदलला. १९६२ ला रिपब्लिकन झाला. मी पक्ष सोडला नाही, पक्षानं मला सोडलं, असं तो म्हणायचा. हे वाक्य आपल्या भागात दर निवडणुकीला किमान तिघं बोलतात, फक्त तिकीट वाटपाच्या दुसऱ्या दिवशी.

१९६४ च्या ऑक्टोबरात रिपब्लिकनांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार गोल्डवॉटर याच्या प्रचारासाठी त्यानं टीव्हीवर अर्धा तास भाषण केलं आणि एका रात्रीत देशभर नाव झालं. 'एका रात्रीत' असं सगळे लिहितात. खरं म्हणजे ते भाषण कारखान्यांच्या कँटीनमधून आठ वर्षं घासून-पुसून झालेलं होतं. गोल्डवॉटर सपाटून पडला, रीगन उरला. १९६६ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला, तेव्हा वय पंचावन्न. समोर पॅट ब्राउन हा मुरलेला गव्हर्नर. त्यानं एका प्रचारफितीत लहान मुलीला सांगितलं, मी एका नटाविरुद्ध उभा आहे, आणि लिंकनला गोळी कुणी घातली ते ठाऊक आहे ना? (लिंकनचा मारेकरी नट होता.) लोकांना हे बिलकूल आवडलं नाही. रीगन दहा लाखांच्या जवळपास मतांनी निवडून आला. बैठकीत ज्या म्हाताऱ्यानं ''नाच्याला काय कळतंय'' म्हटलं, त्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

युनियनची खुर्ची ते गव्हर्नरची खुर्ची : एकोणीस वर्षं. हे तुमच्या त्या 'नट राष्ट्राध्यक्ष झाला की' मध्ये कुठं बसतं?

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. कर कमी करणार म्हणून आला आणि गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच वर्षी तिजोरी रिकामी बघून विरोधकांशी बसून मोठी करवाढ केली. १९७६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षातच फोर्डकडून थोडक्यात हरला. १९८० ला कार्टरला हरवलं, ४४ राज्यं. १९८४ ला ४९. वरचा आयकर ७० टक्क्यांवरून २८ वर आणला. कर्ज मात्र आठ वर्षांत जवळपास तिप्पट झालं. इराणला चोरून विकलेल्या शस्त्रांचं प्रकरण झालं, तेव्हा टीव्हीवर येऊन कबूल करावं लागलं की मन काहीही सांगत असलं तरी पुरावे वेगळं सांगताहेत. आणि डिसेंबर १९८७ ला त्याच माणसानं सोव्हिएत रशियाबरोबर मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रं नष्ट करण्याचा करार केला.

१९८१ साल मात्र मला असं झटकन उरकता येत नाही.

माझं आजोळ निपाणीकडचं. मामांची तंबाखूची दोन एकर. त्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता, शरद जोशी पुढं. बैलगाड्या, चुली, बायका-पोरं, सगळं गाव रस्त्यावर राहायला आलेलं. मी कॉलेजात होतो, आजीनं दिलेली भाकरी पोचवायला जायचो. तिथंच कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर ऐकलं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला गोळी लागली. ३० मार्च. एका सिनेनटीच्या वेडानं पछाडलेल्या पोरानं झाडली होती. मामा म्हणाले, ''नट हाय म्हणं तो. नाटकच आसंल बघ.'' लोक हसले. आठवड्याभरानं, ६ एप्रिलला, गोळीबार निपाणीत झाला आणि शेतकरी मेले. ते नाटक नव्हतं. मामा त्यानंतर रेडिओ ऐकायचे नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत विमान वाहतूक नियंत्रक संपावर गेले. त्यांच्या युनियननं निवडणुकीत रीगनला पाठिंबा दिला होता. आपलाच माणूस, एके काळचा युनियनवाला! त्यानं अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि ११,००० हून अधिक जणांना कामावरून काढून टाकलं. सरकारी नोकराला संप करायचा कायदेशीर हक्क नव्हता, ही त्याची बाजू. असेल. पण ज्यानं स्वतः संप चालवला, त्यानं असं करावं हे मला अजून गिळत नाही. चेहरा आणणाऱ्यांनी हाही अंक वाचावा. चेहरा एकदा निवडून आला की आणणाऱ्यांचा राहत नाही.

शपथविधीच्या दिवशी रीगन म्हणाला होता की आजच्या संकटात सरकार हे उत्तर नाही, सरकार हीच अडचण आहे. मी मराठी सरकारी शाळेत आयुष्य काढलेला माणूस, मला ते पटत नाही. माझी अडचण सरकार आहे ही नाही; सरकार माझ्याशी माझ्या भाषेत बोलत नाही, ही आहे. पण एक गोष्ट मान्य करतो : रीगनला मत देणाऱ्याला आपण कशाला मत देतोय हे ठाऊक होतं. वीस वर्षं तो तेच बोलत होता. तुमच्या यादीतला नट कशासाठी उभा राहणार? जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सूचना-परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्यायची, हा नियम त्याला कुणी सांगितलाय? आमच्या शाळेत सात वर्गांना दोन शिक्षक आहेत, हे? २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला सीमाप्रश्नाचा दावा नेमका काय मागतो, हे? की ''बेळगाव, कारवार, निपाणी''ची घोषणा देऊन, फेटा बांधून, संध्याकाळी सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला जेवायला?

कन्नडिगांकडं बघा जरा. त्यांचे नट राजकुमार, त्यांच्याएवढा चेहरा तर आपल्या यादीत कुणाचा नाही. कन्नडला पहिलं स्थान मागणाऱ्या १९८२ च्या गोकाक चळवळीत ते रस्त्यावर उतरले, त्या चळवळीतून आलेल्या कन्नड सक्तीचा चटका आपल्याला बसला आणि १९८६ ला त्या सक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपली माणसं गेली. दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकाजवळ आपण जमतो ते त्यासाठीच. म्हणून मला त्यांच्याबद्दल बोलताना जीभ जड होते. पण एवढी गर्दी मागं असताना तो माणूस एकदाही निवडणुकीला उभा राहिला नाही. स्वतःच्या भाषेसाठी चेहरा वापरला आणि घरी गेला. असाही एक मार्ग असतो. आमच्या पोरांना मराठी शाळेत घाला, एवढं सांगायला एखादा नट गावोगाव हिंडणार असेल, तर मी स्वतः मोटारसायकलवर पुढं वाट दाखवायला येतो.

आणि उभाच करायचा असेल, तर त्याला जनरल इलेक्ट्रिकची अट घाला. उद्यमबागच्या फौंड्रीत दुपारच्या सुट्टीत बसू दे. वडगाव-खासबागच्या मागांवर, मजुरी आणि सुताचा भाव विचारत एक दिवस काढू दे. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बायकांपुढं बसू दे. त्या प्रश्न फार वाईट विचारतात. जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत पावसाळ्यात जाऊ दे. भाषण नको. कार्डं बरोबर असू देत, पण लिहायची, वाचायची नव्हेत.

आता शेवटचं, जे त्या बैठकीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. विधानसभेला उभं राहायचं तर माणसाचं नाव त्याच राज्यातल्या कुठल्या तरी मतदारसंघाच्या यादीत असावं लागतं. लोकसभेला चालतं, देशात कुठंही नाव असलं तरी. विधानसभेला चालत नाही. मुंबईच्या यादीत नाव असलेल्या नटाला बेळगावात विधानसभेचा अर्ज भरताच येणार नाही. म्हणजे महाराष्ट्रात जायचं म्हणून साठ-सत्तर वर्षं भांडणाऱ्या आपण, महाराष्ट्रातल्या एका माणसाला आधी कर्नाटकचा रहिवासी करायचं. मला त्या रात्री घरी आल्यावर हे सुचलं आणि एकटाच हसत बसलो. बायको उठून बघून गेली.

पण म्हटलं तर हे बरंच आहे. २०२८ ला अजून वेळ आहे. राहायला येऊ दे त्याला. माझ्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे, मुलगा पुण्यात असतो. भाडं नको. रेशन कार्डापासून मतदार यादीपर्यंतचे अर्ज कन्नडमध्ये असतात, ते भरून द्यायला मी आहे. पाणी एक दिवसाआड येतं आणि पावसाळ्यात दक्षिणेकडची कौलं गळतात, तेवढं त्याला आधी सांगून ठेवा.

आपला,
चपलांजवळ बसलेला एक निवृत्त मास्तर
तालुका बेळगाव